मधात कुठी थांबते? : इंधनाचा थांबा आणि मराठी प्रवासवर्णन

काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि पुढे परदेशप्रवासाचा लेख हा या फराळातला ठरलेला जिन्नस झाला. त्याची बांधणी वाचकांना पाठ आहे. आधी व्हिसाची धावपळ, मग सामानाचे वजन, विमानतळावरचा निरोप, आणि पुढच्याच परिच्छेदात लेखक हीथ्रो किंवा केनेडी विमानतळावर उतरलेला असतो. मधले दहा-पंधरा तास ‘डोळा लागला’ एवढ्यावर आटोपतात. हजारो मैलांची वाट गेली कुठे, असे संपादक विचारीत नाहीत आणि वाचकही विचारीत नाहीत.

भातकुलीसारख्या तालुक्याच्या गावी मात्र हा प्रश्न हटकून विचारला जातो. अमेरिकेतल्या लेकाकडे जाऊन आलेल्या माणसाला न्यूयॉर्कच्या उंच इमारतींबद्दल फारसे कोणी छेडत नाही. त्या दूरदर्शनवर पाहून झालेल्या असतात. लोक विचारतात, “विमानात जेवाले काय देतात? मधात कुठी थांबते का नाही?” ज्यांनी आयुष्यभर बदनेऱ्याला गाडी बदलली, त्यांना प्रवास म्हटला की थांबा आठवणारच. हा प्रश्न भाबडा वाटतो. पण मराठी प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराकडे त्या प्रश्नाच्या अंगाने पाहिले, तर त्याचा एक जुना उणेपणा नजरेस येतो. या लेखाचा विषय तेवढाच आहे.

लांब पल्ल्याचे विमान मध्येच उतरते ते बहुधा इंधनासाठी. त्याआधीची आगबोट थांबे ती कोळशासाठी. म्हणजे थांबा कुठे असावा हे प्रवाशाच्या आवडीने ठरत नाही, यंत्राच्या टाकीने ठरते. तरीही थांबा आला की माणूस एका अनोळखी गावात काही काळ असतो. त्या काळाचे आपल्या गद्याने काय केले?

याचे मोजमाप करायला परकी फूटपट्टी आणण्याची गरज नाही. ती अमरावती जिल्ह्यातच आहे. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानला जाणारा ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकात रिद्धपुरी सिद्ध केला, आणि चक्रधरांच्या त्या लीळा बहुतांशी चालत्या माणसाच्या लीळा आहेत. पुढे महानुभावांनी ‘स्थानपोथी’ रचली. तिच्यात स्वामी ज्या ज्या ठिकाणी थांबले त्या ठिकाणांची नोंद आहे: कोणते गाव, कोणते देऊळ, देवळाच्या कोणत्या अंगाला. थांब्यांना त्यांनी वेगवेगळी नावे दिली. जिथे काही काळ राहणे झाले ते अवस्थान, जिथे रात्र काढली ती वसती, जिथे नुसते बसणे झाले ते आसन. त्यांची श्रद्धा बाजूला ठेवून निव्वळ गद्य म्हणून पाहिले तरी एक गोष्ट लक्षात येते. मराठी गद्याच्या आरंभीच्या या परंपरेत प्रवास मोजला गेला तो थांब्यांनी. घटकाभर बसल्याची जागासुद्धा नोंदण्याजोगी मानली गेली.

दुसरा दाखला गोडसे भटजींचा. वरसईचे विष्णुभट मथुरेच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून १८५७ साली घराबाहेर पडले. वाटेत बंड उसळले आणि ते झाशीच्या वेढ्यात सापडले. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला. आज त्या पुस्तकातली मथुरा कोणाला आठवत नाही, झाशी आठवते. जिथे जायचे होते ते दुय्यम ठरले आणि जिथे अडकून पडावे लागले तेच पुस्तक झाले. मराठी प्रवासवर्णनाच्या प्रारंभीच थांब्याने मुक्कामावर मात केल्याचे इतके ठळक उदाहरण असताना पुढच्या शतकाने ते गिरवले नाही.

समुद्रप्रवासाच्या काळात थांबे टाळताच येत नव्हते. इंग्रजांनी १८३९ मध्ये एडन घेतले, त्यामागे आगबोटींच्या कोळशाची सोय हे मोठे कारण होते. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर मुंबई–एडन–सुएझ–भूमध्य समुद्र ही वाट रुळली. कोळसा भरताना बोटीच्या खिडक्या बंद करीत, तरी काळी भुकटी आत येई आणि प्रवासी शक्यतो किनाऱ्यावर जात. वऱ्हाडचा कापूस याच वाटेने लिव्हरपूलला पोहोचे आणि तिथल्या बाजारात उमरावतीच्या नावाने ओळखला जाई. गावाचे नाव समुद्रापार गेले होते, पण मधल्या एडनचे नाव वऱ्हाडात कोणाच्या तोंडी नव्हते. ऑगस्ट १९०८ मध्ये अमरावतीचे दादासाहेब खापर्डे लोकमान्यांचे अपील प्रिव्ही कौन्सिलपुढे नेण्यासाठी मुंबईहून निघाले, ते महिनाअखेरीस लंडनला पोहोचले. १९२० साली पापळचे पंजाबराव देशमुख शिकायला विलायतेला गेले. दोघांच्या चरित्रात लंडन आहे, एडिंबरो आहे, ऑक्सफर्ड आहे. आमच्या व्याख्यानांत आणि शाळेतल्या धड्यांत मात्र बोट मुंबईहून सुटते आणि थेट विलायतेला लागते. इतिहास सांगण्याची आपली रीतही निरोप आणि आगमन या दोन खुंट्यांना टांगलेली आहे.

प्रवासपुस्तकांच्या नावांकडे पाहिले तरी हे कळते. पंडिता रमाबाईंनी सदाशिव पांडुरंग केळकरांना धाडलेले पत्र १८८३ मध्ये ‘इंग्लंडचा प्रवास’ म्हणून छापले गेले. त्या नावात प्रवास हेच मुख्य पद आहे. १८८९ मध्ये त्यांचेच दुसरे पुस्तक आले, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’. आता लोकस्थिती पुढे आली आणि प्रवासवृत्त ‘आणि’च्या मागे गेले. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० चे. ‘तून’ आणि ‘कडे’ या दोन शब्दांवर ते नाव उभे आहे. तिथे दिशा आहे, निघणे आहे, पोहोचण्याची ओढ आहे, पण मधली जागा नाही. गंगाधर गाडगिळांच्या ‘साता समुद्रापलीकडे’ या १९५९ च्या नावात सात समुद्र एका ‘पलीकडे’त पार होतात. १९६० च्या ‘अपूर्वाई’त पु. ल. देशपांड्यांनी प्रवाशाच्या मनोवस्थेलाच नाव केले, आणि १९७४ साली ‘जावे त्यांच्या देशा’ म्हणत ते थेट यजमानाच्या दारी गेले. १९९३ मध्ये मीना प्रभूंचे ‘माझं लंडन’ आले. इथे जाणेही उरले नाही, फक्त ठिकाण आणि त्यावरचा हक्क उरला.

नावावरून पुस्तकाची किंमत करू नये हे मान्य. मीना प्रभू पायी हिंडून लिहिणाऱ्या लेखिका होत्या आणि त्यांचे लंडन त्यांच्या पायांनी कमावलेले आहे. पुलंची नजर तर वाटेतल्या प्रत्येक माणसावर असे. माझा आक्षेप एकेका पुस्तकाबद्दल नाही, एकूण ओघाबद्दल आहे. शंभर-एकशेदहा वर्षांत ‘प्रवास’ हे पद शीर्षकातून सरकत सरकत बाहेर गेले. प्रवासवर्णन हे हळूहळू स्थळवर्णन झाले आणि नाव मात्र जुनेच चालू राहिले.

यावर तयार उत्तर असते की, विमान आले, वाट ढगांवरून जाऊ लागली, लिहिणार काय? हे उत्तर तपासून पाहण्यासारखे आहे, कारण भारतीय विमानवाहतुकीची पहिली चाळीसेक वर्षे थांब्यांनीच भरलेली आहेत.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा ‘पस मॉथ’ हे छोटे विमान घेऊन कराचीहून जुहूला आले. लंडनहून कराचीपर्यंत इंपीरियल एअरवेजने आणलेल्या टपालाचा तो पुढचा टप्पा होता. मध्ये अहमदाबादला इंधन घ्यावे लागले. बर्मा शेलचे ते इंधन चार-चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीवर आले. ही गोष्ट आपल्याकडे नेहमी गंमत म्हणून सांगितली जाते: एवढे आधुनिक विमान आणि त्याला बैलगाडीचा आधार! गंमत म्हटली की विचार थांबतो. खरे तर त्या दिवसाचे सगळे गणित त्या बैलगाडीत आहे. खंडाखंडांमधली टपालसेवा एका गाडीवानाने वेळेवर जू बांधले की नाही यावर अवलंबून होती. वऱ्हाडात खाचरावर कापूस लादून बाजार गाठणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. वैमानिकाचे नाव राहिले, गाडीवानाचे राहिले नाही, आणि ते शोधावे असे प्रवासवाङ्मयालाही वाटले नाही.

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा या मार्गाने. पंख्यांच्या त्या कॉन्स्टेलेशन विमानाला एका दमात लंडन गाठणे झेपणारे नव्हते. स्वतंत्र भारताचा युरोपशी पहिला हवाई संबंध असा नाईलच्या काठी घटकाभर टेकून जुळला. स्थानपोथीच्या भाषेत कैरो हे त्या प्रवासाचे आसन. त्याच कंपनीच्या जाहिरातींतला लवून स्वागत करणारा महाराजा १९४६ पासून आपल्या ओळखीचा आहे. तो पाहुणचाराची खूण म्हणून कायमचा लक्षात राहिला. पाहुण्याला वाटेत उतरावे का लागते, हे सांगणे त्या चित्राचे काम नव्हते. ते गद्याचे काम होते.

विदर्भाकडे तर याहून मोठा थांबा होता. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परत जात. काही प्रवासीही त्यांतून जात असत. चार शहरांतली माणसे भर रात्री सोनेगावच्या धावपट्टीशेजारी ताटकळत बसली आहेत, पलीकडे थैल्या फेकल्या जात आहेत: एखाद्या कादंबरीकाराने हेवा करावा असा हा देखावा. नागपूर हे देशाचे मध्य आहे हे शून्य मैलाच्या दगडापेक्षा त्या रात्रींनी जास्त खरे केले. तरीही मराठी वाचकाच्या स्मरणात शून्य मैलाचा दगड आहे, ती मध्यरात्र नाही.

थांब्याची आणखी एक बाजू आहे, ती भीतीची. ११ एप्रिल १९५५ ला एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघाले. बांडुंग परिषदेला जाणारे चिनी प्रतिनिधी आणि पत्रकार त्यात होते. हाँगकाँगच्या कै ताक विमानतळावर विमान उभे असताना त्यात बॉम्ब ठेवला गेला आणि नातुना बेटांजवळ ते समुद्रात कोसळले. १९ पैकी १६ जण गेले, त्यांत कॅप्टन दामोदर काशीनाथ जटार होते. वाचलेल्या तिघांपैकी अभियंता अनंत कर्णिक यांनी पुढे त्यावर पुस्तक लिहिले. या घटनेकडे राजकारण म्हणून पाहिले गेले आणि ते योग्यच आहे. पण ती थांब्याचेही सत्य सांगते. आकाशात विमान आपल्या माणसांच्या हाती असते. जमिनीवर उतरले की ते झाडणाऱ्या, इंधन भरणाऱ्या, सामान चढवणाऱ्या अनोळखी हातांवर सोडावे लागते. थांबा म्हणजे परक्यावर टाकलेला भरवसा. बहुतेक वेळा तो भरवसा पाळला जातो, म्हणून त्याची बातमी होत नाही. वाङ्मयाने तरी बातमीची वाट का पाहावी?

मग जेट आले. १४ मे १९६० ला एअर इंडियाची बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली. थांबे कमी होत गेले आणि १ ऑगस्ट २००७ ला मुंबई–न्यूयॉर्क हा सोळा तासांच्या आसपासचा प्रवास एकाही थांब्याविना सुरू झाला. हे सोपे नसते. लांब जायचे तर जास्त इंधन घ्यावे लागते, त्या इंधनाचेच वजन वाहून नेण्यासाठी आणखी इंधन जळते, आणि पश्चिमेकडे जाताना उंचावरचा वारा बहुधा तोंडावर असतो. दुष्काळी मुलखात पाण्याचा टँकर लांबवर न्यायचा तर त्याच्या डिझेलचा खर्चच पाण्याला भारी होतो, तसा हा हिशेब. तरीही प्रवाशाला न थांबणे हवे होते आणि कंपन्यांनी ते दिले. थांबा गेला म्हणून कोणी हळहळले नाही, कारण त्याची आठवण कोणी लिहून ठेवलीच नव्हती.

आता थांबा परत आला आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैपर्यंत. २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झाले. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला आणि व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरून इंधन भरावे लागले. योग असा की त्याच महिन्यात, १६ एप्रिलला, अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. ज्या महिन्यात आमच्या तालुक्याला आकाश जवळ आले, त्याच महिन्यात पलीकडची वाट लांबली.

या विमानांत बसणारी माणसे कोण? त्यांत सुनेच्या बाळंतपणाला निघालेली आई आहे. शेत ठोक्याने देऊन सहा महिन्यांसाठी निघालेले वडील आहेत. पायाला सूज आलेली, इंग्रजी न समजणारी, डब्यातली ठेच्याची बाटली अडवतील का या काळजीत असलेली ही माणसे. विमान व्हिएन्नाला उतरते. खिडकीतून टँकर दिसतो, पिवळा अंगरखा घातलेला कामगार दिसतो. असा थांबा निव्वळ इंधनाचा असला की प्रवाशांना बहुधा खाली उतरवत नाहीत. इंधन भरताना प्रवासी आत असतील तर कमरेचा पट्टा सोडून ठेवायला सांगतात, म्हणजे आग लागलीच तर पटकन बाहेर पडता यावे. पट्टा सोडा, पण जागा सोडू नका. ऑस्ट्रिया नावाच्या देशात तासभर असूनही त्या आईचे पाऊल ऑस्ट्रियाच्या मातीला लागत नाही. एडनला बोटीवरून उतरता येई. १९४८ च्या कैरोला निदान जमिनीशी संबंध होता. आताच्या थांब्यात अवस्थान नाही, वसती नाही. आसन आहे, पण ते जागेचे नाही, खुर्चीचे आहे, आणि खुर्ची बरोबरच उडते. महानुभावांनी आसनालाही जागा दिली होती. आपण थांबा ठेवला आणि जागा काढून घेतली.

हा अनुभव नवा आहे आणि तो मोठ्या प्रमाणावर मराठी माणसांना येतो आहे. तो लिहायला मराठी प्रवासवर्णनाकडे भाषा नाही, कारण जे थांबे होते तेव्हाही ती त्याने घडवली नाही. आपला प्रवासलेखक बहुधा निमंत्रित, इंग्रजी येणारा, हौसेने हिंडणारा. त्याला थांबा म्हणजे उशीर. ज्याला उद्घोषणा कळत नाही, शौचालयाच्या दाराची कडी उघडत नाही, विमान का उतरले हे शेजाऱ्याला विचारायची चोरी वाटते, त्याच्यासाठी थांबा हाच प्रवासातला सर्वांत कठीण तास असतो. तो माणूस लिहीत नाही. परत आल्यावर ओट्यावर सांगतो, आणि लोक “बाप्पा!” म्हणून ऐकतात. ते ओट्यावरच राहते.

थांब्यातून वाङ्मय घडू शकत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी जगातला एक दाखला पुरे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरील गँडर हा विमानतळ अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांना इंधन देण्यासाठीच मोठा झाला. जेट विमाने आली आणि गावाचे महत्त्व ओसरले. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेचे आकाश बंद झाले तेव्हा ३८ विमाने तिथे उतरवली गेली आणि साडेसहा हजारांहून अधिक प्रवाशांना दहा हजारांच्या आसपास वस्तीच्या त्या गावाने व आजूबाजूच्या खेड्यांनी घरे, शाळा, सभागृहे उघडून दिली. त्यावर ‘कम फ्रॉम अवे’ हे संगीतनाटक आले आणि २०१७ मध्ये ब्रॉडवेवर पोहोचले. वापरातून गेलेला इंधनाचा थांबा एका पिढीचे नाटक झाला, कारण कोणीतरी तिथे जाऊन गावकऱ्यांना आणि प्रवाशांना विचारले, त्या दिवसांत तुम्ही काय केले?

आपल्याकडे असे विचारणारे कोणी नाही, ही खरी उणीव आहे. सामग्री कमी नाही. रात्रीच्या टपालसेवेच्या काळातले नागपूरकर, जुन्या मार्गांवर नोकरी केलेले विमान कर्मचारी, आणि आज मुलांकडे जाऊन-येऊन करणारे हजारो आईवडील आपल्यात आहेत. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. ज्या गावी मराठी गद्याने थांब्यांची मोजदाद मांडली, तिथे बसून कोणी आजच्या थांब्यांची पोथी करायला घेतली, तर ते परंपरेला धरूनच होईल. तिला ओघवते निवेदन नको की विनोदाची फोडणी नको. कोणते विमान, कोणते गाव, किती वेळ, खाली उतरू दिले की नाही, पाणी कोणी दिले, शेजारी कोण होते, एवढे जरी लिहिले गेले तरी चालेल. म्हाइंभटांनीही लोकांकडे जाऊन, विचारून, नोंदूनच लीळा जमवल्या होत्या.

दिवाळी अंकांच्या संपादकांकडे यासाठी एक साधे काम आहे. पुढच्या वर्षी परदेशप्रवासाचा लेख हाती आला, की त्यातल्या पहिल्या आणि दुसऱ्या परिच्छेदाच्या मधल्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवावे आणि लेखकाला विचारावे, इथे काय झाले?